कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना स्वतःला कसं सांभाळायचं: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या पेशंटसाठी

रिपोर्ट आल्यापासून दोन वाक्यं तुम्हाला इतक्या वेळा ऐकू येतील की कंटाळा येईल, "पॉझिटिव्ह रहा" आणि "स्वतःची काळजी घे". पहिल्याने काही होत नाही आणि दुसरं कसं करायचं ते कोणी सांगत नाही. मी ठाण्यात कोपरीला राहतो, मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन झालं, मग किमो, ड्रिप आणि गोळ्या दोन्ही, आता फॉलोअपवर आहे. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय ते आधीच सांगून टाकतो: स्वतःशी नीट वागणं हे त्या त्या दिवशीच्या मूडवर सोडलं तर होत नाही, कारण वाईट दिवशी माणूस स्वतःशी वाईटच वागतो. त्याची व्यवस्था चांगल्या दिवशी लावून ठेवावी लागते.

औषधांबद्दल जे लिहिलंय ते माझ्या औषधांच्या अनुभवातलं आहे. तुमचा कॅन्सर वेगळा, गोळ्या वेगळ्या, त्यामुळे काहीही करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

१. आधी सामान आणि कागद

पहिल्या किमोच्या आधीच्या रविवारी हे गोळा करा, नंतर अंगात त्राण नसतं.

- डिजिटल थर्मामीटर, आणि त्याची जादा बॅटरी
- एक साधी शंभर पानी वही आणि तिला बांधलेलं पेन (बांधलेलंच, नाहीतर पोरं नेतात)
- मऊ टूथब्रश, मीठ, खायचा सोडा, वास नसलेलं क्रीम
- सुती मोजे आणि हातमोजे
- फाईल: बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, केस पेपर, प्रत्येक सायकलचा (म्हणजे किमोच्या एकेका फेरीचा) कागद, रक्ताचे रिपोर्ट. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरातल्या अजून एका माणसाच्या मोबाईलमध्ये
- आधार कार्ड, रेशन कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड
- हॉस्पिटलचा दिवसाचा नंबर आणि रात्रीचा नंबर, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर चिकटवून

रेशन कार्ड कशाला म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये, यादीतल्या उपचारांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर मिळतं. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं (योजनेच्या माणसाचं) टेबल असतं तिथे जाऊन विचारा, हेल्पलाईन १५५३८८. ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी जा, ही कॅशलेस योजना आहे, मंजुरी आधी घ्यायची असते. आणि मेडिकल सोशल वर्करला भेटायला लाजू नका. पैशाचा घोर डोक्यात असताना मन शांत ठेवा वगैरे सल्ल्यांना काही अर्थ नसतो, म्हणून हे पहिल्या नंबरला टाकलंय.

२. "माझ्यामुळेच झालं" हा हिशोब बंद करा

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. रात्री दोन वाजता आपण बसून मोजतो, किती वडापाव खाल्ले, किती वर्षं नाईट शिफ्ट केली, डॉक्टरकडे सहा महिने आधी गेलो असतो तर. वर नातेवाईक हातभार लावतात. माझी आत्या दर फोनला "बाहेरचं फार खायचास रे तू" म्हणायची, प्रेमानेच म्हणायची, पण फोन ठेवल्यावर पुढचे दोन तास मी तेच चघळत बसायचो.

पेशी सतत नव्या बनतात, बनताना डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका होतात, वय वाढतं तशा त्या साठत जातात. काही गोष्टींनी धोका वाढतो हे खरं, पण तुमच्या एकट्याच्या बाबतीत कशामुळे झालं हे बहुतेक वेळा कोणीच सांगू शकत नाही. आणि ज्यांचं तंबाखू-सिगरेटचं होतं त्यांना तर दुप्पट ऐकावं लागतं, घरच्यांकडून आणि स्वतःकडून पण. त्यांना एवढंच सांगतो की आज सोडली तरी ट्रीटमेंटला फायदा होतो, तेवढं करा, बाकी शिक्षा देत बसू नका.

"पॉझिटिव्ह राहिला नाहीस म्हणून वाढला" हे तर अजिबात मनावर घेऊ नका. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, डोक्या-मानेच्या कॅन्सरचे हजारावर पेशंट होते त्यात, मनाची अवस्था कशी होती यावरून कोण किती जगलं हे काही ठरलं नाही. मला हे वाचून केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. म्हणजे रडू आलं तर रडा, त्याने गाठ वाढत नाही.

मग करायचं काय. अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने २००३ पासून यावर काम केलंय, तिचे तीन मुद्दे आहेत आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर माझ्या भाषेत लिहून ठेवले होते:

- आत्ता त्रास होतोय, हे सरळ म्हणायचं. कमी करून नाही, वाढवून नाही.
- हे फक्त माझ्याच नशिबात आलेलं नाही. (खारघरच्या ॲक्ट्रेकच्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या तिथल्या सेंटरच्या ओपीडीत एक सकाळ बसलात तर हे समजवायला कोणी लागत नाही, कुठून कुठून आलेली माणसं तीच फाईल मांडीवर घेऊन बसलेली असतात.)
- माझ्या जागी माझा जवळचा मित्र असता तर मी त्याला काय म्हणालो असतो, ते स्वतःला म्हणायचं.

तिसरं सगळ्यात अवघड. बोलून बघा, सुरुवातीला स्वतःचंच हसू येतं. मी मित्राच्या जागी आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला धरायचो, तो आजारी पडला असता तर "मर्दासारखा लढ" म्हणालो असतो का मी? नसतो म्हणालो, "झोप, मी बघतो ऑफिसचं" एवढंच म्हणालो असतो.

३. सायकलचे दिवस वहीत मांडा

हे सगळ्यात उपयोगी पडलं म्हणून सविस्तर लिहितो.

किमोच्या ड्रिपबरोबर उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून बऱ्याचदा स्टेरॉईड देतात, डेक्सामेथासोन, वॉर्डमध्ये सगळे डेक्सा म्हणतात. त्याच्यामुळे पहिले एक-दोन दिवस माणूस भलताच तरतरीत असतो, झोप येत नाही, रात्री कपाट आवरायला घेतो, बायकोवर उगाच खेकसतो. मग ते उतरतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम खाली. अंगात जीव नाही, तोंडाला चव नाही आणि डोक्यात एकच की हे सगळं कशासाठी चाललंय. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटायचं की आपण मनाने कच्चे आहोत.

वही लिहायला लागलो तेव्हा दिसलं की हे दर वेळी त्याच दिवशी येतं आणि त्याच दिवशी जातं. मग मी तसं मांडायला लागलो. ड्रिपचा दिवस म्हणजे पहिला, रोज तीनच गोष्टी लिहायच्या, झोप कशी, पोट कसं, मन दहापैकी किती. दोन सायकल झाल्या की तुमचा नकाशा तयार होतो, कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. मग त्याप्रमाणे:

- वाईट दिवसांवर कुठलाही निर्णय टाकायचा नाही. नोकरी, घर, पैसे, भांडणं, काहीच नाही.
- त्या दिवसांचं जेवण आधी ठरवायचं. आमच्याकडे मऊ खिचडी, ताकातली ज्वारीची उकड, नाहीतर नुसतं वरण. "आज काय खाशील?" हा प्रश्न त्या दिवशी विचारायला बंदी.
- चांगल्या दिवशी स्वतःसाठी मोबाईलवर व्हॉइस नोट करून ठेवायची. माझी अशी होती, "आज चौथा दिवस असेल. तुला वाटतंय हे काही संपत नाही. मागच्या वेळी पण हेच वाटलं होतं आणि सहाव्या दिवशी तू पिठलं-भात मागून खाल्लास." दुसऱ्या कोणी हेच सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, स्वतःच्याच आवाजाशी काय वाद घालणार.

स्टेरॉईडमुळे झोप उडत असेल तर डॉक्टरांना सांगा, पुढच्या डोसच्या वेळा बदलता येतात का ते ते बघतात. स्वतः बंद करायचं नाही.

थकव्याचं पण इथेच सांगतो. किमोचा थकवा झोपून जात नाही, हे घरच्यांना पटत नाही, "दिवसभर तर झोपलास" म्हणतात. यावर चांगला पुरावा असलेला उपाय म्हणजे थोडं थोडं चालणं. तुम्ही वाशीला असाल तर सागर विहार आहे, खारघरला सेंट्रल पार्क, ठाण्यात तलावपाळी, पण गर्दीच्या आधी सकाळी लवकर जा. मला कोपरीहून तलावपाळीला जायचं म्हणजे स्टेशन ओलांडा, म्हणून मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारायचो, वॉचमनच्या खुर्चीपर्यंत आणि परत. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर रात्र जागून काढावी लागते.

४. इथे वाट बघायची नाही

आपल्याला सवय असते, "एवढ्यासाठी कशाला डॉक्टरांना त्रास, सकाळी बघू". किमोमध्ये ही सवय जीवावर बेतू शकते.

ताप १००.४ किंवा त्याच्या वर, एकदा जरी आला, तरी त्याच वेळी फोन, रात्री तीन वाजता असला तरी. पांढऱ्या पेशी कमी असताना साधं इन्फेक्शन काही तासांत पसरतं, आणि काउंट (रक्तातल्या या पेशींचे आकडे) साधारण किमोनंतर सात ते चौदा दिवसांत सगळ्यात खाली असतात. आधी मोजा, मग फोन करा, मोजायच्या आधी क्रोसिन घेऊ नका, ताप झाकला जातो. पावसाळ्यात तर "डेंग्यूची साथ आहे, दोन दिवस बघू" असं कोणीतरी म्हणणारच, ऐकायचं नाही.

मी ज्या गोळ्या घेत होतो, कॅपेसिटाबीन, त्यांच्यात जुलाब हा मोठा धोका. नेहमीपेक्षा दिवसात चार वेळा जास्त झालं किंवा रात्री उठून जावं लागलं तर गोळी थांबवून लगेच फोन, असं मला सांगितलेलं होतं. तुमच्या गोळ्यांचा असा नियम कोणता ते पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

श्वास लागणं, न थांबणारं रक्त, पाणी पण पोटात न टिकणं, यालाही थांबू नका. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

५. तोंड, हात, पाय

तोंड आलं की जेवण बंद, जेवण बंद की सगळंच बिघडतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची, गिळायचं नाही. टीव्हीवर जाहिरात असते ते झोंबणारं माऊथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं.

ड्रिपमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर थंडीचा एक विचित्र प्रकार होतो. फ्रिजचं हँडल धरलं की बोटांना शॉक बसल्यासारखं होतं. थंड पाणी प्यायलं की घशात काहीतरी आवळल्यासारखं वाटतं, माणूस घाबरतो. पोळीचा पहिला घास चावताना जबडा असा कळवळतो की डोळ्यात पाणी येतं, दुसऱ्या घासाला काही नाही. बहुतेक वेळा काही दिवसांत कमी होतं. आम्ही फ्रिजच्या हँडलला मुलीचा जुना लोकरी मोजा चढवला होता, पाहुण्यांना वाटायचं हे काय नवीन. जेवायला स्टीलचं ताट-ग्लास वापरू नका, ते हाताला गार लागतात, सकाळी तोंड धुवायला कोमट पाणी घ्या. मुंग्या मात्र पुढच्या ड्रिपपर्यंत राहिल्या किंवा शर्टची बटणं लावता येईनात तर सांगायलाच हवं, डोस बदलावा लागतो. "सहन होतंय" म्हणून लपवलं तर नसांचं दुखणं कायमचं मागे लागू शकतं.

तळहात-तळपायांची आग होत असेल तर कडक पाण्याची आंघोळ, कपडे पिळणं, अंगठ्याला घासणारी चप्पल, सगळं काही दिवस बंद. क्रीम लावून सुती मोजे घालून झोपायचं.

६. माणसांचं काय करायचं

प्रेमाने येणारी माणसं रोखणं हे किमोपेक्षा अवघड आहे, खरंच. रात्री नऊला बेल वाजते, पाच जण दारात, त्यातल्या एकाला सर्दी. आपण बसतो, हसतो, चहा करायला लावतो, आणि पुढचा अख्खा दिवस आडवे.

घरातला एक माणूस प्रवक्ता नेमा, शक्यतो बायको किंवा नवरा नको, त्यांच्यावर आधीच खूप असतं. आमच्याकडे माझा मेव्हणा होता. मग सगळ्यांना एकच मेसेज टाका, हवा तर हा घ्या:

"नमस्कार. माझी ट्रीटमेंट चालू आहे, काउंट कमी असतात म्हणून सध्या भेटायला येऊ नका. तब्येतीचं विचारायला अमुक यांना फोन करा. मेसेज केलेत तर मी वाचेन, उत्तर देता येईलच असं नाही. औषधांचे आणि उपायांचे व्हिडिओ कृपया पाठवू नका. मदत करायचीच असेल तर गुरुवारी डबा दिलात तर फार बरं होईल."

शेवटचं वाक्य काढू नका. लोकांना खरंच काहीतरी करायचं असतं, काय करायचं ते कळत नाही म्हणून ते काढे घेऊन येतात.

काढ्यांचं आता बोलतोच. गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, गव्हांकुर, कुठल्या तरी बाबांची पुडी, यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता घ्यायचं नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापून आणलं होतं, त्यावर वादही झाले, पण किमो चालू असताना हा प्रयोग आपल्या लिव्हरवर कशाला. माझ्या गोळ्यांना तर फॉलिक ॲसिडसुद्धा चालत नव्हतं, त्याने त्रास वाढतो, आणि ते मेडिकलवाल्याकडच्या साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं. देणाऱ्याला नाही म्हणायला जड जातं ना, मग "डॉक्टरांना दाखवून घेतो हं" म्हणा आणि ठेवून द्या.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, त्या वर्षी दीड दिवसाचा बसवला, आरतीला घरचेच, बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतलं. कोणाचं काही बिघडलं नाही.

७. जाणं-येणं

ठाण्याहून खारघरला पनवेल लोकल थेट आहे, पण नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मपर्यंतचा पूल गर्दीच्या वेळी नकोसा होतो, तेव्हा वेळ उशिराची मिळत असेल तर मागून बघा. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा, कोणी ना कोणी "तुम्हाला काय झालंय" विचारतंच. केस गेलेले नसले तर जास्तच विचारतात. ड्रिपच्या दिवशी येताना मात्र रिक्षा-टॅक्सीच करा, तिथे पैसे वाचवू नका. बाहेरगावचा प्रवास असेल तर रेल्वेची सवलत मिळते, फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का लागतो.

८. मनासाठी मदत मागणं

ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, "कसं काय?" म्हटल्यावर आपण "ठीक" म्हणतो आणि संपलं. त्याऐवजी आकडा सांगा. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, गेल्या आठवड्यात किती होतं? जगभर कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये ही पट्टी वापरतात, चार किंवा वर असेल तर पुढची विचारपूस व्हायला हवी असं धरतात. सरळ म्हणा, "माझा सहा आहे, मला काउन्सेलरकडे किंवा सायकियाट्रिस्टकडे रेफर करा." दोन आठवडे झोप नाही, कशातच रस नाही, सतत रडू, असं असेल तर ते औषधाने बरं होणारं डिप्रेशन असू शकतं, "कॅन्सर आहे म्हणजे असं व्हायचंच" म्हणून सोडू नका.

पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं तर दचकू नका. तो फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतो, दुखणं, मळमळ, श्वास, झोप यांचं काम तिथे फार चांगलं होतं.

ज्यांनी स्वतः भोगलंय त्यांच्याशी बोलायचं असेल तर मुंबईत व्ही केअर फाउंडेशन आहे, तिथले बरेच स्वयंसेवक स्वतः कॅन्सरमधून गेलेले आहेत. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आणि इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करतात. पहिल्यांदा नुसतं ऐकायला जा, बोललंच पाहिजे असं नाही. पटलं नाही तर पुन्हा नका जाऊ, मला एका ग्रुपमध्ये सगळे इतके हसरे होते की मीच पळून आलो, दुसरा बरा निघाला.

रात्री फार भरून आलं, जगून काय करायचं असं वाटायला लागलं, तर टेली मानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि घरातल्याला उठवा. हा नंबर घरच्यांना पण द्या, त्यांचीही रात्र जात नसते.

९. ट्रीटमेंट संपल्यानंतर

सगळ्यांना वाटतं आता सुटलात, पेढे वाटा. आपल्याला मात्र तेव्हाच जास्त भीती वाटते, कारण इतके महिने रोज काहीतरी चालू होतं आणि आता नुसती वाट बघायची. ही भीती फार जणांना वाटते, तिचा वेगळा काही अर्थ काढू नका.

माझी दर काही महिन्यांनी सीईएची (कॅन्सर परत येतोय का यावर लक्ष ठेवायची) रक्ततपासणी असते, मधून स्कॅन. त्याच्या आधीच्या आठवड्यात पोटात जरा दुखलं की परत आला असंच वाटतं. त्या आठवड्यासाठी वही परत काढतो. रिपोर्ट आता मोबाईलवर येतात, रात्री अकराला पण येतात, आमच्या घरी नियम आहे की संध्याकाळी सहानंतर उघडायचा नाही आणि एकट्याने उघडायचा नाही, कारण रात्री विचारायला डॉक्टर नसतात आणि गुगल असतं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधी लिहून न्या, तीनच, सगळ्यात महत्त्वाचा पहिला. आणि फॉलोअपच्या दिवशी ऑफिसला अख्खी सुट्टी टाका, अर्धी नको, दुपारी जाऊन बसलं तरी काम काही होत नाही.